वाचकांचे प्रश्न: टोटेम पोलचे जुने फोटो

प्रश्न: कॅनडाच्या मारियस बार्बो या मानववंशशास्त्रज्ञाने काढलेले टोटेम पोलचे फोटो बघितले. हे कोरीव लाकडी खांब म्हणजे तिथल्या आदिवासींचे देव का? आणि मधेच घरातल्या बायकापोरांचे फोटो कशाला?

उत्तर: नाही हो, देव नाहीत, कोणी पूजाबिजा करत नाही. लाल सीडरच्या एका अख्ख्या खोडात कोरलेले लांडगा, अस्वल, कावळा ही त्या त्या कुळाची चिन्हं, म्हणजे आपल्या वीरगळासारखं, दगडाऐवजी लाकडात, फक्त इथे एका माणसाची नाही तर अख्ख्या घराण्याची हकीकत असते. म्हणून तर घरच्या माणसांचे फोटो महत्त्वाचे, खांब कुणाचा हे त्यांच्याशिवाय कळणारच नाही! बार्बो १९२०च्या दशकात कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्कीना आणि नास नदीकाठच्या गावांत फिरला, फोटो काढले, गाणी रेकॉर्ड केली, त्याचा हा संग्रह आता गातिनोच्या कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्ट्रीत आहे. पण नुसते फोटो काढून थांबला असता तर बरं झालं असतं, कारण १९२९मध्ये त्याने तिथल्या निस्गा या आदिवासी लोकांचा ११ मीटर उंच स्मृतिखांब घरच्यांना न विचारता काढून नेला असं त्यांचं म्हणणं आहे, आणि तो गेला एडिनबराच्या म्युझियमला. तेव्हा पॉटलॅच या त्यांच्या भेटी वाटण्याच्या समारंभावर सरकारचीच बंदी होती, १८८५ ते १९५१, मग दाद कुठे मागणार? तो खांब २०२३मध्ये विमानाने परत आला, आता नास खोऱ्यातल्या निस्गांच्याच म्युझियममध्ये आहे.