ओलीस धरले की ओलीस ठेवले?

गुहागरच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आला आहे. नववीतल्या एका मुलाने इराणमधल्या तेहरानच्या अमेरिकी वकिलातीवर १९७९ मध्ये झालेल्या हल्ल्याबद्दल टिपण लिहिलं, त्यात हे वाक्य होतं: 'हल्लेखोरांनी ओलीसांना ४४४ दिवस बंधक बनवून ठेवले.' बाईंनी 'बंधक' खोडलं आणि तिथेच अडल्या. ओलीस धरले लिहायचं की ओलीस ठेवले? हा शब्द आला कुठून? ओलाव्याशी त्याचं काही नातं आहे का?

ओलाव्याशी नाही. हिंदीत 'ओल' म्हणजे जामीन म्हणून दुसऱ्याच्या ताब्यात दिलेला माणूस किंवा वस्तू. माझं मत असं की आपला 'ओलीस' हे त्या 'ओल'चंच चतुर्थीचं रूप आहे. भेटीस गेला, मदतीस धावला, साक्षीस उभा राहिला, तसा ओलीस राहिला. पुढे तो 'स' प्रत्यय आहे हे लोक विसरले आणि सगळा मिळून एक शब्द झाला. 'त्याला ओलीस ठेवलं', 'त्यांना ओलीस ठेवलं' यात शब्द जागचा हलत नाही, याचं कारण मला यातच दिसतं.

आणि मुख्य गोष्ट पुढे आहे. जुना ओलीस धरलेला नसे, तो दिलेला असे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यायचे ठरले. ते ताब्यात मिळेपर्यंत आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस राहिले. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज हरले तेव्हा तह पाळण्याची हमी म्हणून त्यांनी फार्मर आणि स्टुअर्ट हे आपले दोन अधिकारी मराठ्यांकडे ओलीस दिले. शब्द पाळला जाईल याची ती माणसाच्या रूपातली हमी होती. म्हणून क्रियापदंही तशीच: ओलीस देणे, ओलीस राहणे, ओलीस ठेवणे. याउलट १६६१ मध्ये शिवाजीमहाराजांनी राजापूरच्या वखारीतले रेव्हिंग्टन वगैरे इंग्रज पकडले, ते कैदी. त्यांना कुणी दिलं नव्हतं.

आजच्या ओलिसाला कुणी देत नाही. त्याचा कसलाही करार झालेला नसतो. तरीही शब्द तोच टिकला, कारण एक गोष्ट बदलली नाही: ओलीस म्हटला की तीन बाजू आल्याच. धरणारा, धरलेला आणि ज्याच्याकडून काही हवं आहे तो. कैद्याला दोनच बाजू पुरतात. १९८० मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीत सहा बंदूकधारी घुसले आणि २६ जण त्यांच्या हाती सापडले. मागणी होती इराणमधले कैदी सोडण्याची. म्हणजे ज्यांच्यावर बंदूक रोखली होती त्यांच्या हातात देण्यासारखं काहीच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांनी १७ डिसेंबर १९७९ रोजी ओलीस धरण्याविरुद्धचा करार संमत केला, तेहरानचं प्रकरण चालू असतानाच. त्याच्या व्याख्येतही हा तिसरा पक्ष आहे. अपहरण आणि ओलीस यांतला फरकही इथेच कळतो. अपहरण म्हणजे पळवून नेणं. पळवलेल्याच्या बदल्यात कुणाकडे तरी मागणी केली की तो ओलीस झाला. १९८४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये भारतीय अधिकारी रवींद्र म्हात्रे यांना पळवलं, काश्मिरी फुटीरतावादी मकबूल भटच्या सुटकेची मागणी केली आणि मग म्हात्र्यांना मारलं. पुण्याचा म्हात्रे पूल त्यांच्याच नावाचा आहे.

आता धरणे की ठेवणे? दोन्ही बरोबर, पण वेळ वेगळी. मालवणच्या समुद्रात परराज्यातला ट्रॉलर सापडला की किनाऱ्यावर बातमी येते, 'ट्रॉलर धरला'. मग तो बंदरात 'ठेवला' जातो. धरणं घटकेचं, ठेवणं दिवसांचं. तेहरानमध्ये ४ नोव्हेंबर १९७९ ला ओलीस धरले, आणि त्यांतल्या ५२ जणांना २० जानेवारी १९८१ पर्यंत ओलीस ठेवले. 'बंधक बनवले' मात्र हिंदी बातम्यांतून आलं आहे. मराठीत माणसाला बनवलं म्हणजे फसवलं.

शेवटाकडेही लक्ष द्यायला हवं, कारण तिथे मराठी फार नेमकी आहे. सोडले, सोडवले, सुटले. १९९६ च्या डिसेंबरात पेरूमध्ये लिमाला जपानी राजदूताच्या घरी मेजवानी चालू असताना १४ बंडखोर घुसले (वकिलातीत नव्हे, घरात, वर्तमानपत्रं हे सर्रास चुकतात). शेकडो पाहुण्यांना त्यांनी हळूहळू सोडलं. उरले ७२. १२६ दिवसांनी सैनिक बोगद्यांतून आत शिरले आणि ७१ जणांना सोडवलं. एक ओलीस आणि दोन सैनिक गेले, बंडखोर सगळे मारले गेले. या सगळ्याला नुसतं 'सुटका' म्हटलं की कुणी काय केलं ते पुसलं जातं.

आमच्या वाडीतला एक मुलगा जहाजावर होता, ते जहाज सोमाली चाच्यांनी धरलं. त्याची आई खिडकीतल्या फोनपासून हलत नसे. टीव्हीवर 'ओलीस' ऐकून तिने मला विचारलं, म्हंजे काय? मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे धरून ठेवलानी माज्या पोराला." तिच्या बोलीत 'ठेवलान' म्हणजे त्याने ठेवलं, 'ठेवलानी' म्हणजे त्यांनी. करणारा क्रियापदालाच चिकटून येतो, त्याला वगळून बोलताच येत नाही. आणि तिच्या एका वाक्यात धरणं-ठेवणं दोन्ही आलं. तेव्हापासून बातमीत 'ओलीसनाट्य' वाचलं की मला राग येतो. आत बसलेल्यांना आणि खिडकीत बसलेल्या आईला ते नाट्य नसतं. 'ओलीस प्रकरण' म्हणावं.

तर बाई, वाक्य असं करा: 'हल्लेखोरांनी ५२ जणांना ४४४ दिवस ओलीस ठेवले.' आणि मुलाचा 'ओलीसांना' पुढच्या वेळी दुरुस्त करा: पोलीस, पोलिसांना, तसं ओलीस, ओलिसांना. ली ऱ्हस्व. 'वकिलात' त्याने लिहिलं आहे ते तसंच राहू द्या. दूतावासाइतकंच ते बरोबर आहे, आणि पेशवाईतला वकील हा परदरबारी पाठवलेला दूतच असे.