सारखीच दिसणारी छोटी रानफुलं वेगळी कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की केन्यासारख्या निळ्या फुलांचे चार फोटो काढले, तर वनस्पती ओळखणाऱ्या ॲपने तीन वेगवेगळी नावं सांगितली. मग जवळच्या प्रजातींमधला फरक माणसाने ओळखायचा कसा? तुमच्या केन्यावरूनच सांगतो, कारण हा गोंधळ त्यात अगदी स्पष्ट दिसतो.

पाकळी आपल्याला सगळ्यात आधी दिसते, आणि प्रजाती ठरवायला बहुतेक वेळा तिचाच उपयोग सगळ्यात कमी होतो. केन्याच्या गटात, म्हणजे कॉमेलिनामध्ये, जवळपास सगळ्यांची फुलं निळी, दोन पाकळ्या मोठ्या आणि तिसरी लहान. एकाच प्रजातीत रंग गडद निळ्यापासून फिकट जांभळ्यापर्यंत जातो, कधी पांढराही असतो. त्यात हे फूल सकाळपुरतंच. दुपारपर्यंत पाकळ्या विरघळल्यासारख्या होऊन लगदा उरतो. म्हणून पाकळ्यांवर फार वेळ घालवू नका.

फुलाखाली एक हिरवं, दुमडलेलं पानासारखं आवरण असतं, त्याला छद म्हणतात. कळ्या त्याच्यातूनच एकेक करून बाहेर येतात. हा छद बाजूने बघा आणि नखाने हलकेच उघडून बघा. कॉमेलिना डिफ्युजामध्ये तो मधोमध दुमडलेल्या कागदासारखा असतो, दोन्ही कडा तळापर्यंत मोकळ्या. कॉमेलिना बेंगालेन्सिसमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या केन्यात, त्याच कडा मागच्या बाजूला खाली जुळलेल्या असतात, त्यामुळे छदाचं नरसाळं होतं. हा फरक एकदा बोटांना कळला की विसरत नाही. शिवाय डिफ्युजाचा छद लांबट देठावर एकेकटा असतो, तर बेंगालेन्सिसचे छद फांदीच्या टोकाला जवळजवळ बिनदेठाचे, दोन-तीन एकत्र गर्दी करून बसतात.

आता पानाकडे या, पण एकट्या पात्याच्या आकारावर विसंबू नका. सावलीत वाढलेल्या झाडाचं पान उन्हातल्यापेक्षा खूप वेगळं दिसू शकतं. पानाचा तळ जिथे खोडाला लपेटलेला असतो, त्या आवरणाच्या तोंडाशी बघा. बेंगालेन्सिसमध्ये तिथे तांबूस, लांब केस दिसतात. पातं रुंद, अंडाकृती, आणि तळाशी निमुळतं होत छोट्या देठासारखं. डिफ्युजाचं पातं भाल्याच्या पात्यासारखं अरुंद, टोकाकडे निमुळतं. आणि शंका राहिलीच तर झाड हलकेच उपटून मुळं बघा: बेंगालेन्सिसला जमिनीखाली पांढऱ्या फांद्या असतात, त्यांवर कधीच न उमलणारी फुलं येतात आणि तिथेच बिया तयार होतात. ते सापडलं तर डिफ्युजाचा प्रश्नच मिटतो. मात्र कॉमेलिना फोर्सकाली या तिसऱ्या प्रजातीतही जमिनीखाली अशी फुलं येतात, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका; तिची पानं अरुंद, कडेने लाटांसारखी वळलेली असतात.

आणि एक गोष्ट आधीच तपासून घ्या: तो मुळात कॉमेलिना आहे का? तिन्ही पाकळ्या जवळपास सारख्या आणि दुमडलेला छद नाही, तर मर्डानिया या जवळच्या गटातलं झाड असण्याची शक्यता बघा. पुंकेसरांच्या दांड्यांवर दाट लोकरीसारखे केस आणि सहाही पुंकेसर सारखेच, तर सायनोटिस, हाही जवळचाच गट. कॉमेलिनामध्ये तीनच पुंकेसर खरे परागकण देतात, बाकीचे पिवळे भाग नुसते दिखाऊ. ॲप सगळ्यात जास्त इथेच फसतं, कारण वरून काढलेल्या फोटोत हे काही दिसतच नाही.

तेच तंत्र इतर गटांना लागू पडतं, फक्त निर्णायक जागा बदलते. भुईआवळीच्या लहान झाडांत फायलॅन्थस अमारस आणि फायलॅन्थस युरिनेरिया एकमेकांसारखे दिसतात. फांदी उलटी करून फळं बघा. अमारसचं फळ गुळगुळीत, बारीक देठावर. युरिनेरियाचं खरबरीत आणि जवळजवळ देठाशिवाय. अमारसच्या फुलाला परिदलं, म्हणजे पाकळ्यांसारखे भाग, पाच, तर फायलॅन्थस फ्रॅटर्नस या तिसऱ्या प्रजातीला सहा. भिंगाखाली मोजता येतात. ओसाडीच्या दोन प्रकारांत फुलांच्या गुच्छाखालची हिरवी छदं बघायची: ॲजरेटम हौस्टोनियानममध्ये ती चिकट ग्रंथींच्या केसांनी भरलेली असतात, कोनिझॉइडिसमध्ये जवळपास गुळगुळीत. तीन पानांच्या आंबुटीत, जमिनीवर पसरणाऱ्या ऑक्सॅलिस कॉर्निक्युलाटाच्या पानदेठाच्या तळाशी छोटी पानासारखी अंगं, म्हणजे उपपर्णं असतात. उभ्या वाढणाऱ्या ऑक्सॅलिस स्ट्रिक्टामध्ये ती नसतात.

साधनं फार लागत नाहीत. १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि मिलिमीटरची पट्टी, बस. फोटो काढताना प्रत्येक झाडाचे किमान चार घ्या: वरून, फूल बाजूने, फुलाच्या मागून, आणि पानाचा तळ खोडासकट. पट्टी फोटोत येऊ द्या. आणि एकाच झाडावर निर्णय घेऊ नका, आसपासची आठ-दहा बघा. बेंगालेन्सिसमध्ये २२ गुणसूत्रांची झाडंही आहेत आणि ६६ गुणसूत्रांचीही, त्यामुळे एकाच प्रजातीत आकाराचा फरक मोठा दिसतो. दहा झाडांत जे स्थिर राहतं तेच लक्षण कामाचं.

फळ धरलेलं नसेल तर घाई करू नका. जागेची खूण ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी परत जा, पिकलेलं बोंड उघडून बिया मोजा. कॉमेलिना बेंगालेन्सिसमध्ये सहसा पाच निघतात, कॉमेलिना इरेक्टा या आणखी एका प्रजातीत तीन. तोवर वहीत नुसतं 'कॉमेलिना' लिहून ठेवायला काहीच हरकत नाही. मी तर चुकीचं पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा हेच करायला सांगेन.

तुमच्या चारपैकी एखाद्या फोटोत छद बाजूने दिसत असेल तर तो फोटो इथे जोडा, पानाच्या आवरणाच्या तोंडाशी केस आहेत का तेही कळवा. एवढ्यावरून बहुतेक नाव सांगता येईल.