वाचक विचारतात : पिझारोचा पगार आणि पेरूची वाटणी

प्रश्न : इंका साम्राज्य जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिझारोला स्पेनच्या दरबाराने पेरूचा गव्हर्नर नेमलं. मग मोहिमेचा खर्च सरकारी होता का? पगार किती?

उत्तर : दरबाराने दिला तो हक्क, पैसे उभे करायचे पिझारोने आणि त्याच्या भागीदारांनी. २६ जुलै १५२९ च्या टोलेडो करारात त्याला तहहयात गव्हर्नरपद आणि वर्षाला ७,२५,००० मारावेदी (स्पेनचं लहान नाणं) पगार मिळाला, पण तो जिंकायच्या मुलखाच्या उत्पन्नातून. मुलूख हाती नाही तर पगारही नाही. शिवाय त्यातूनच एक न्यायाधिकारी, ३० प्यादे, एक वैद्य, एक औषधवाला असा लवाजमा पोसायचा. अट २५० माणसं उभी करण्याची, त्यांतली १५० स्पेनमधून. तेवढी भरती जमेना, तेव्हा जानेवारी १५३० मध्ये तपासणी व्हायच्या आत त्याने स्पेनमधल्या सान्लुकार बंदरातून जहाज हाकारलं.

कराराची खरी मेख वेगळीच. बरोबरीचा भागीदार दिएगो दे आल्माग्रो याच्या वाट्याला फक्त पेरूच्या किनाऱ्यावरच्या तुंबेसची किल्लेदारी आली. पुढचा सगळा रक्तपात इथून सुरू होतो.

प्रश्न : अताहुआल्पाच्या खंडणीची वाटणी कशी केली?

उत्तर : १६ नोव्हेंबर १५३२ ला पेरूतल्या काहामार्कात इंका, म्हणजे इंकांचा सम्राट अताहुआल्पा, पकडला गेला तेव्हा पिझारोकडे १६८ माणसं होती. त्याच्या सुटकेसाठी जमलेली सोन्याचांदीची भांडी इंकांच्याच सोनारांकडून वितळवली, कस तपासून लगडींवर शिक्के मारले, राजाचा पाचवा हिस्सा बाजूला काढला आणि मग वाटणी झाली. घोडेस्वाराला साधारण ८,८८० पेसो (सोनं मोजायचं एकक) सोनं आणि ३६२ मार्क (चांदीचं वजनी माप) चांदी, पायदळातल्या शिपायाला त्याच्या निम्मं, पिझारोला ५७,२२० पेसो सोनं. पेसोला ४५० मारावेदी धरा: स्वाराचं नुसतं सोनंच गव्हर्नरच्या साडेपाच वर्षांच्या पगाराएवढं भरतं, आणि पिझारोचं ३५ वर्षांच्या!

आल्माग्रोची माणसं पोहोचली एप्रिल १५३३ मध्ये. पकडताना हजर नव्हती, म्हणून सगळ्यांत मिळून २०,००० पेसोंवर त्यांची बोळवण झाली. नंतर राजाने आल्माग्रोला दक्षिणेचा वेगळा प्रांत दिला खरा, पण पिझारोची हद्द नुसती लीगमध्ये (अंतराचं जुनं माप) सांगितली होती. ते अंतर किनाऱ्याच्या वळणांनी मोजायचं की सरळ रेषेत, यावर इंकांची राजधानी कुस्को कोणाची हे ठरणार होतं. तोडगा निघाला तलवारीने: एप्रिल १५३८ मध्ये लास सालिनासच्या लढाईत आल्माग्रो हरला, जुलैत त्याला मारलं. २६ जून १५४१ ला आल्माग्रोच्या मुलाच्या माणसांनी लिमात पिझारोच्या घरात घुसून त्याचा खून केला.

प्रश्न : पिझारो निरक्षर होता म्हणतात. मग हुकूमनाम्यांवर सही कोण करायचं?

उत्तर : अंगठेबहाद्दर होता खरा. तो स्वतः दोन वळणदार फराटे ओढायचा आणि त्यांच्या मधोमध कारकून नाव लिहायचा.