नोटबुकची जोडी आणि नको असलेल्या फाइल्स

ज्युपिटेक्स्ट (ज्युपिटर नोटबुक आणि साधी पायथन स्क्रिप्ट एकमेकांशी जुळवून ठेवणारं साधन) वापरून नोटबुक आणि पायथन स्क्रिप्ट यांची जोडी लावणाऱ्यांचे प्रश्न या वेळी बरेच आले. दुखणं बहुतेकांचं एकच: वगळलेली फाइल वगळली जात नाही.

प्रश्न: ‘टेस्ट’ फोल्डर गिटइग्नोरमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत) टाकला, तरी त्यातल्या नोटबुकशेजारी स्क्रिप्ट तयार होतेच. का?

गिटइग्नोर गिटसाठी असतं, ज्युपिटेक्स्ट ते जोडी लावताना विचारात घेत नाही. त्याचे नियम ‘ज्युपिटेक्स्ट डॉट टॉमल’ या फाइलमध्ये असतात. ही फाइल तो आधी नोटबुकच्याच फोल्डरमध्ये शोधतो, नसेल तर एकेक पायरी वर चढतो, आणि पहिली सापडेल तीच पाळतो. म्हणून ‘टेस्ट’मध्ये त्याच नावाची रिकामी फाइल ठेवा. मुख्य फोल्डरचा नियम तिथे लागू होणार नाही.

मेख एकच आहे. एखादी नोटबुक पूर्वी स्वतंत्रपणे जोडलेली असेल, तर ती नोंद तिच्या मेटाडेटातच (नोटबुकच्या आत साठवलेल्या माहितीत) असते आणि टॉमलपेक्षा वरचढ ठरते. मी एकदा अख्खी दुपार टॉमल तपासण्यात घालवली होती, दोष मेटाडेटात होता. अशा नोटबुकवर ज्युपिटेक्स्टचा ‘सेट-फॉरमॅट्स’ हा पर्याय चालवून फॉरमॅट फक्त आयपायएनबी, म्हणजे नोटबुकचा मूळ फाइलप्रकार, ठेवा. आधीच तयार झालेली स्क्रिप्ट मात्र हाताने पुसावी लागते.

प्रश्न: प्री-कमिटच्या (बदल गिटमध्ये कमिट करण्याआधी, म्हणजे नोंदवण्याआधी, तपासण्या चालवणाऱ्या साधनाच्या) ‘एक्सक्लूड’मध्ये, म्हणजे वगळायच्या फाइल्सच्या नियमात, तारा, डॉट, आयपायएनबी असं लिहिलं, तर एरर येते.

कारण तिथे पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवायचा नमुना) लागतं, टर्मिनलमधला ‘काहीही चालेल’ अर्थाचा तारा चालत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये तारा म्हणजे ‘आधीचं चिन्ह कितीही वेळा’, आणि सुरुवातीलाच तारा असेल तर आधीचं चिन्ह कुठून आणणार? याहून वाईट चूक एररही देत नाही: नुसतं ‘टेस्ट’ लिहिलंत, तर नावात ‘लेटेस्ट’ असलेल्या फाइल्सही गुपचूप गळतात. आधी ‘सुरुवात इथून’ सांगणारं टोपीचं चिन्ह, मग फोल्डरचं नाव, शेवटी तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश), असं लिहा. आणि हे गाळणं फक्त कमिटच्या वेळचं. ज्युपिटरमध्ये सेव्ह करताना होणारं सिंक त्याने थांबत नाही.

प्रश्न: आयपायएनबी गिटइग्नोरमध्ये आहे, तरी गिट तिचे बदल दाखवतंच.

ती फाइल आधीच ट्रॅक झालेली, म्हणजे गिटच्या यादीत आलेली आहे. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ पर्याय देऊन तिला गिटच्या यादीतून काढा, तुमच्या डिस्कवर ती राहील. पण सहकाऱ्यांनी ते कमिट पुल केलं, म्हणजे आपल्याकडे उतरवून घेतलं, की त्यांच्याकडची प्रत पुसली जाते, तेव्हा आधी सांगून ठेवा. आणि एक लक्षात ठेवा: कोड चालवून आलेले आलेख आणि तक्ते स्क्रिप्टमध्ये जात नाहीत, ते नोटबुकमध्येच राहतात. त्यामुळे अहवालाच्या दोन-चार नोटबुक मी तरी गिटमध्ये ठेवतो.

प्रश्न: फाइल नाही, एकच सेल (नोटबुकमधला कोडचा एक तुकडा) स्क्रिप्टमध्ये चालू नये, असं जमेल?

जमेल. त्या सेलला ‘ॲक्टिव्ह-आयपायएनबी’ हा टॅग द्या. स्क्रिप्टमध्ये ती कॉमेंट होऊन, म्हणजे न चालणाऱ्या ओळी होऊन, उतरेल.