डार्टमूरवरचे दगडी बांध खरंच कांस्ययुगातले आहेत, हे ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय, इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर जागोजागी दगडांच्या ओळी दिसतात, त्यांतल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कोणत्या? मी प्लिमथला राहतो, या माळावर जाणं-येणं असतं, म्हणून लिहितो.

छातीएवढी उभी भिंत दिसली तर ती बहुधा मध्ययुगातली किंवा नंतरची. कांस्ययुगातले बांध, ज्यांना तिथे ‘रीव्ह’ म्हणतात, आता जेमतेम गुडघ्याएवढे उरलेत. गवत चढलेला उंचवटा आणि मधूनच वर आलेले ग्रॅनाइटचे दगड. लोक त्यावर बसून डबा खातात आणि त्यांना पत्ताही नसतो. फसगत एकच: नंतरच्या शेतकऱ्यांनी काही ठिकाणी या जुन्या बांधांवरच भिंती रचल्यात. मेरिव्हेलला उभ्या दगडांच्या रांगा आहेत, त्या मात्र शेताच्या हद्दी नव्हेत.

खरी खूण म्हणजे सरळपणा. हे बांध चढ-उतार जुमानत नाहीत, एकमेकांना समांतर लांबवर जातात. डार्टमीटपाशी तर ते डार्ट नदीच्या दरीशी येतात आणि पलीकडे होल्न मूरवर त्याच दिशेने पुढे सुरू होतात. शेवटी सगळे एका आडव्या बांधाला टेकतात. त्याच्या वरच्या बाजूला सामायिक गायरान असावं.

एकोणिसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांना यांतले काही बांध जुने रस्ते वाटले होते. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी ते पायी हिंडून नोंदले आणि काळ इ.स.पू. १५००च्या आसपासचा निघाला. होल्न मूरवर खोदलं तेव्हा दगडांच्या आधी तिथे लाकडी कुंपण असल्याचं दिसलं. शॉ मूरला बांधालगतच्या चरात गुरामेंढरांच्या खुरांचे ठसे सापडले. आम्ल मातीत हाडं टिकत नाहीत, त्यामुळे जनावरांचा एवढा थेट पुरावा मोलाचा.

फ्लेमिंग यांच्या मते एवढी आखणी एकदम, ठरवून झाली. पुढे याच माळावर शोव्हेल डाउन इथे झालेल्या उत्खननानंतर मात्र बांध तुकड्यातुकड्यांनी वाढत गेले असं म्हटलं जातं. मला हे जास्त पटतं. पण मग पिढ्यानपिढ्या सगळ्यांनी एकच दिशा पाळली म्हणायची. आपल्याकडे वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात जातात!

बघायचेच तर हेटॉरजवळच्या हॉरिज कॉमनवर जा, तेही हिवाळ्यात. उन्हाळ्यात नेच्यांच्या रानात काही दिसत नाही. ऊन तिरपं असताना सावल्या पडतात आणि बांध लगेच नजरेत भरतात. दगड हलवू नका, यांतले बरेच बांध संरक्षित स्मारकं आहेत.