दाराबाहेरचे ते काही सेकंद

प्रश्न : घरात मारहाण चालू असताना पोलीस दाराशी थांबून ऐकत का बसतात? हा भित्रेपणा नाही का?

उत्तर : नाही. गाडी थोडी अलीकडेच थांबते, सायरन बंद. दारासमोर उभं राहायचं नसतं, चौकटीच्या बाजूला भिंतीआड राहायचं. आतून गोळी आली तर समोरचाच पहिला सापडतो. आवाज किती जणांचे, काही फुटतंय का, मूल रडतंय का, एवढं कळायला काही सेकंद पुरतात. जीव वाचवण्यासाठीची किंकाळी आली, की मात्र थांबणं संपलं.

आत नजर चेहऱ्यावर नाही, हातांवर. सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर जेमतेम दीड सेकंदात कापतो, म्हणून मध्ये टेबल, सोफा, काहीतरी ठेवायचं. दोघांना वेगळं करायचं, पण स्वयंपाकघरात कुणालाच न्यायचं नाही. एका पोलिसाने बोलायचं, दुसऱ्याने नुसतं पाहायचं. दोघंही बोलायला लागले की हातांकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. आणि हो, मारणाऱ्याला बेड्या घालताना मार खाल्लेली व्यक्तीच पोलिसांवर धावून येते, हेही घडतं.

गळा दाबला होता का, हे विचारायलाच हवं. वळ नसला तरी आवाज बसलेला असेल, गिळताना दुखत असेल, डोळ्यांत लाल ठिपके असतील, तर थेट दवाखाना. त्रास काही तासांनीही उफाळतो.