शक्यता, संभाव्यता आणि भलतीच संभावना

काल रात्री निफाडहून भाचीचा मेसेज आला. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता नाशिकला फर्स्ट इयरला स्टॅटिस्टिक्स घेतलंय, पुस्तक इंग्रजी, सर शिकवतात अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, आणि मैत्रिणीकडून मिळालेल्या नोट्स निघाल्या हिंदी. प्रश्न असा, "मामा, शक्यता आणि संभाव्यता एकच ना, मग दोन शब्द कशाला? आणि हिंदीत वर प्रायिकता लिहिलंय, खाली संभावना, ते पण तेच का? आणि स्वतंत्र घटना म्हणजे वेगवेगळ्या घटना असं मी लिहिलं तर सरांनी काट मारली, का?" मी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, गणिताशी संबंध दहावीनंतर तुटलेला, पण शब्दांचं निघालं की मला राहवत नाही. तिचं जुनं गणिताचं पुस्तक पण मागवून घेतलं. उत्तर लांबलंय, तर तिच्यासारख्या अजून कोणाला उपयोग झाला तर बरंच.

तर अगं, एकच नाहीत, पण सख्ख्या आहेत. शक्यता म्हणजे होऊ शकतं का, संभाव्यता म्हणजे किती. शक्यतेतला शक् धातू आपल्या "शकणे" मधलाच, पाऊस येऊ शकतो म्हणजे पावसाची शक्यता आहे, विषय संपला. पण तुझे बाबा द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाल्यावर, माल फुलोऱ्यात असताना, नुसतं "पावसाची शक्यता आहे" ऐकून काय करणार? शक्यता तर रोजच असते. डाऊनीची (त्या बुरशीची) फवारणी आज घ्यायची का उद्यावर ढकलायची हे ठरवायला त्यांना दहात दोन का दहात आठ ते कळायला हवं. तो जो आकडा, शून्य आणि एकच्या मधला, ती संभाव्यता, इंग्रजीतली प्रॉबॅबिलिटी. शून्य म्हणजे अशक्य घटना, एक म्हणजे निश्चित घटना. (तुम्ही मुलं "अशक्य भूक लागलीये" म्हणता ती अशक्य वेगळी, तिची संभाव्यता चांगली एकच्या जवळ असते.)

आता तू म्हणशील आपण "दाट शक्यता" म्हणतो, "अंधुक शक्यता" म्हणतो, मग शक्यतेलाही कमीजास्त आहेच की. बरोबर आहे. बोलण्यातली शक्यता दोन्ही कामं करते आणि म्हणूनच पुस्तकवाल्यांना मोजमापासाठी वेगळा, कोणी सहसा न वापरलेला शब्द लागला. दाट म्हणजे किती दाट हे तुझ्या आज्जीचं वेगळं आणि माझं वेगळं. पेपरात संभाव्यतेच्या जागी शक्यता लिहिलं म्हणून मार्क कापू नयेत असं माझं मत, पण तपासणारा मी नाहीये, तेव्हा संभाव्यताच लिही.

संभावना मात्र मराठीत अजिबात लिहू नको, आणि याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय. हिंदीत संभावना म्हणजे शक्यता. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्याकडे तसंच आहे. आपल्याकडे संभावना म्हणजे मानपान. पंचवटीत जुन्या घरांतून कार्य झालं की गुरुजींची संभावना करायचे, म्हणजे दक्षिणा, वस्त्र देऊन सन्मान. मग मराठी माणसाच्या जिभेचा गुण, सरळ शब्द वाकडा वापरायचा, त्यामुळे "खोटारडा अशी त्याची संभावना केली" म्हणजे त्याची काढली. संभावित गृहस्थ म्हणजे प्रतिष्ठित, आणि संभावितपणा म्हणजे वरून सभ्यतेचा आव. म्हणून हल्ली बातमीत "उत्तर महाराष्ट्रात पावसाची संभावना" वाचलं की मला पावसाला शालश्रीफळ देतायत असंच दिसतं.

पण मग एकाच शब्दात मान आणि शक्यता दोन्ही कसे आले, हा खरा गमतीचा भाग. मूळ सम् + भू. संभव म्हणजे आधी जन्म, "संभवामि युगे युगे" मधलं संभवामि म्हणजे मी जन्म घेतो, मी शक्य होतो असं नव्हे. त्यावरून झालं संभावयति, म्हणजे मनात उभं करणं, तसं धरून चालणं, आणि एखाद्याला मानणं पण. आपण "मी असं मानतो" आणि "मी त्यांना मानतो" दोन्हीकडे मानणेच वापरतो ना, तसंच. आणि हे आपल्याच भाषेत झालंय असं समजू नको. प्रॉबॅबिलिटीच्या पोटातला लॅटिन प्रोबाबिलिस म्हणजे पारखून पसंत करण्याजोगं. युरोपात मध्ययुगात प्रोबेबल मत म्हणजे कोणातरी मोठ्या मान्यवराने दिलेलं मत, आकड्याचा काही संबंध नव्हता. आकडा नंतर आला, १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींनी पत्रांतून अर्धवट सुटलेल्या जुगाराचे पैसे दोघांत कसे वाटायचे याचा हिशोब मांडला तिथपासून जोर धरला. म्हणजे तिकडेही शब्द मानापासून निघून मापापर्यंत आला आणि इकडेही. आपण फक्त संभावना मानाला ठेवली आणि मापासाठी संभाव्यता घडवली.

हिंदीतली प्रायिकता म्हणजे आपली संभाव्यताच, ती आली प्रायः वरून. प्रायः म्हणजे बहुतेक वेळा. म्हणजे त्या शब्दात "किती वेळा" हा विचार आहे. आपल्याकडे बोलताना आपण म्हणतो बहुधा. "बहुधा येईल तो." यातला धा म्हणजे प्रकार, द्विधा मनःस्थिती म्हणतो तोच, त्यामुळे बहुधा म्हणजे मुळात पुष्कळ प्रकारांनी. पुष्कळ प्रकारांनी एखादी गोष्ट होऊ शकत असेल तर ती होईलच असं आपल्याला वाटायला लागतं, आणि अर्थ सरकत सरकत "प्रोबॅबली" वर आला. मला हे सापडलं तेव्हा मी उठून चहाच टाकला. कारण तुझ्या पुस्तकातली पहिली व्याख्या हीच आहे की, अनुकूल निष्पत्ती (हवे ते निकाल) किती ते मोजा आणि एकूण निष्पत्तींनी भागा. बहुधा म्हणजे प्रकार मोजणं, प्रायः म्हणजे वेळा मोजणं, आणि संभावना म्हणजे आपण त्याला किती मानतो. संख्याशास्त्रवाले संभाव्यता म्हणजे नक्की काय यावर आजही भांडतात म्हणे, ती भांडणं साधारण या तीन गटांतच असतात.

वेळा मोजण्याचं एक उदाहरण वाचलेलं लक्षात आहे. दुसऱ्या महायुद्धात जॉन केरिच नावाचा गणिती डेन्मार्कमधे नजरकैदेत अडकला, आणि वेळ जाईना म्हणून त्याने १०,००० वेळा नाणं उडवलं. ५,०६७ वेळा छापा. म्हणजे साधारण अर्धे, पण बरोब्बर अर्धे नाहीत.

आता प्रकार मोजण्यात एक खड्डा आहे आणि तो आपल्या बोलण्यातच आहे. "झालं तर झालं, नाहीतर नाही, फिफ्टी फिफ्टी." दोनच गोष्टी होऊ शकतात म्हणून प्रत्येकीची संभाव्यता अर्धी! या हिशोबाने लॉटरी लागायची पण फिफ्टी फिफ्टी. पुस्तकात समसंभाव्य निष्पत्ती असा जो जड शब्द आहे तो याच्यासाठीच, मोजलेले प्रकार सारख्याच वजनाचे पाहिजेत तरच भागाकार चालतो. आणि यात फक्त आपणच पडतो असं नाही. दालाँबेर हा केवढा मोठा फ्रेंच गणिती, त्याने १७५४ मधे विश्वकोशात लिहिलं की दोनदा नाणं उडवून एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता २/३. त्याचं म्हणणं, पहिल्यांदाच छापा आला तर काम झालं, पुढे उडवायचं कशाला, मग प्रकार तीनच, छापा, काटा-छापा, काटा-काटा. पण तो पहिला "छापा" हा खरं तर छापा-छापा आणि छापा-काटा असे दोन प्रकार पोटात घेऊन बसलाय, त्याचं वजन १/२ आणि बाकी दोघांचं १/४ १/४. उत्तर ३/४. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या निष्पत्तींची यादी, पूर्ण लिहून काढायला सर सांगतात ते यासाठी, कंटाळा करू नको. (नमुना अवकाशातला अवकाश म्हणजे जागा, "अजून अवकाश आहे" मधला वेळ नाही, आणि यान जातं ते पण नाही. नमुन्याबद्दल मी काही बोलत नाही, घरात पुष्कळ आहेत.)

घटना हा शब्द पण जपून. आपल्याकडे घडली ती घटना. गणितात घडली नाही तरी घटनाच, कारण ती निष्पत्तींचा एक गट आहे, बस्स. "या पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातली मूर्ती, नाशिककर पूर तिच्यावरून मोजतात) गळ्याला पाणी लागेल" ही आत्ता, पात्र कोरडं असतानाही घटना आहे, तिला संभाव्यता देता येते.

आणि आता तुझी काट. चूक तुझी नाही, मराठीची आहे, असं मी तरी म्हणेन. आपण स्वतंत्र खोली म्हणतो, स्वतंत्र बंगला, "त्यांचं आता स्वतंत्र आहे", म्हणजे वेगळं. म्हणून स्वतंत्र घटना म्हटलं की तू एकमेकांना न शिवणारी दोन वर्तुळं काढलीस. त्या झाल्या परस्पर अपवर्जी, एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. फासा टाकला, सम आला तर विषम आलाच नाही. यात सम आला एवढं कळल्याबरोबर विषमची संभाव्यता १/२ वरून थेट शून्य झाली, म्हणजे एकीच्या बातमीचा दुसरीवर केवढा परिणाम, याला स्वतंत्र कसं म्हणायचं? स्वतंत्र म्हणजे एक घडल्याचं कळलं तरी दुसरीचा आकडा जागचा हलत नाही.

त्याच फाशात बघ. "सम" म्हणजे २, ४, ६, संभाव्यता १/२. "तीनपेक्षा कमी" म्हणजे १, २, संभाव्यता १/३. दोन्ही एकदम म्हणजे फक्त २, संभाव्यता १/६. आणि १/२ गुणिले १/३ पण १/६. म्हणजे या दोन घटना स्वतंत्र आहेत, आणि तरी त्यांची वर्तुळं एकमेकांत घुसलेली आहेत! उलट गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला आणि रामकुंडाजवळ मारुतीच्या कमरेच्या वर पाणी चढलं, जागा किती लांब, गोष्टी पार वेगवेगळ्या, पण स्वतंत्र अजिबात नाहीत, तिकडचं कळलं की गोदाकाठचे दुकानदार लगेच सामान उचलायला लागतात. सरांना हे उदाहरण सांग, काट मागे घेतात का बघ.

राहिलं यादृच्छिक, म्हणजे रँडम. ते विचारलं नाहीस पण मेसेजमधे "यादृश्चिक" असं लिहिलंयस आणि माझा प्रुफं तपासायचा हात शिवशिवतोय. यात इच्छा नाही. यथेच्छ मधे आहे, यथा + इच्छा, हवं तसं, मनसोक्त. यदृच्छा म्हणजे आपोआप, न मागता समोर आलेलं, गीतेत "यदृच्छालाभसंतुष्टः" आहे तो शब्द, संभवामि ज्या चौथ्या अध्यायात आहे त्याच अध्यायात. दोन्हीतला फरक सर्व्हेच्या प्रोजेक्टला कामी येईल, कारण कॉलेजच्या गेटवर उभं राहून ओळखीच्या दहा मैत्रिणींना फॉर्म भरायला लावले तर तो नमुना यथेच्छ झाला, यादृच्छिक नाही. द च्या पायात ऋ, मग च्छि. दहा वेळा लिहून मला फोटो पाठव.